पुरा कोयता

भरारी पथकाची गाडी फाटकात वळली, तशा वर्गातल्या चिठ्ठ्या भराभर मोज्यांत आणि झंपरांत गडप झाल्या. पंचशीलाकडे लपवायला काही नव्हतं. दोन लेकरांची आई, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेली. जे काही होतं ते डोक्यात होतं. मान खाली घालून ती लिहीत राहिली. शेवटचा पेपर. पास झाली की गावातली आशा सेविकेची रिकामी जागा तिची, असं सरपंचांनी कबूल केलं होतं. मग ऊसतोड कायमची सुटणार होती.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. यंदा तिचा नवरा विलास एकटाच फडावर गेला, अर्धा कोयता म्हणून. टोळीतले चिडवायचे, तर हा मिशीत हसून सांगायचा, "बायकू साळंत हाय."

एवढ्यात खिडकीतून खड्याला गुंडाळलेला कागद आला आणि नेमका तिच्या उत्तरपत्रिकेवर पडला. पथकातले साहेब तेव्हाच दारात पाऊल टाकत होते. त्यांनी येऊन तो कागद उलगडला आणि तिच्यापुढे धरला.

"ह्या वयात लाज नाही वाटत, बाई?"

"साहेब, माझी न्हाई चिठ्ठी. ह्यो प्रश्न म्या कवाच लिवलाय. बगा की!"

साहेबांनी तिच्या उत्तरपत्रिकेकडे पाहिलंही नाही. कशाला पाहतील? ह्या केंद्रावर कुणी स्वतःच्या मनाने लिहितं, हे कुणालाच खरं वाटत नव्हतं. उत्तरपत्रिका गेली. सगळे पेपर रद्द, असं सांगून तिला बाहेर काढलं.

फाटकाबाहेर विलास उभा होता. फडावरून रातोरात एसटीने आलेला. भिंतीवरच्या काचांनी कोपर फाटलं होतं आणि चेहरा मात्र नुसता फुलला होता.

"लवकर झाला की पेपर! गावली ना चिठ्ठी? पोलिसाचा डोळा चुकवून मागच्या भिंतीवर चढलो. समद्यायची माणसं आल्ती. तुला यकटीला सोडीन का म्या?"

त्याच्या छातीवर बुक्क्या मारून भोकाड पसरावं, असं तिला वाटलं. तिने पदराने त्याच्या कोपराचं रक्त पुसलं.

"गावली," ती म्हणाली. "मुकादमाला सांगून ठिवा, फुडल्या हंगामाला आपला कोयता पुरा हाय."