अनशापोटी

“आबा, खरं सांगा. काकी गोळी चहाबरोबर घेते ना?”

दहिवलीतल्या आपल्या मेडिकलच्या काउंटरमागून हर्षलाने तिसऱ्यांदा विचारलं. समोर सहदेवआबा बायकोचा रक्ताचा रिपोर्ट धरून उभे होते.

“शपत घेऊन सांगतो गं. अनशापोटी, नुसत्या पान्यावर. मी सोता हातात देतो.”

रिपोर्ट मात्र आबांना खोटं पाडत होता. दीड वर्षात डॉक्टरांनी सुंदराकाकीची थायरॉइडची गोळी तीनदा वाढवली, तरी आकडा जागचा हलत नव्हता. चेहरा सुजलेला, चाल मंद, आणि आवाज घोगरा झाला होता. आवाजाचाच खरा घोर होता. सुंदराकाकी म्हणजे गावची धवलारीण, लग्नविधींची पारंपरिक गाणी गाणारी. तिचे धवळे झाल्याशिवाय आसपास कुणाचं लग्न लागत नसे. आता वैशाखात तिच्याच नातीचं, श्रद्धाचं लग्न, आणि तिथे धवळे परकीने गायचे, या विचारानेच ती रडायला लागे.

हर्षला त्यांच्याच आळीतली. औषधांचं शास्त्र घरगुती भाषेत समजावून सांगायची तिला भारी हौस, आणि त्याचा थोडा तोराही.

“दुधातलं कॅल्शियम या गोळीला असं कवटाळतं, की ती रक्तात जातच नाही. आली तशी बाहेर! मग डॉक्टर कितीही वाढवोत.”

“म्हनून तं तासभर चुलीजवल जाऊ देत नाय तिला.”

ॲसिडिटीचं औषध? नाही. लोहाची गोळी? नाही. कॅल्शियमच्या गोळ्या दीड वर्षापूर्वी काकीचं मनगट मोडलं तेव्हा हर्षलानेच दिल्या होत्या, पण त्या खडूसारख्या घशाखाली उतरेनात म्हणून चार दिवसांतच बंद झाल्या. मग चोर चहाच. काकी गुपचूप पीत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ती त्यांच्या ओटीवर हजर झाली.

आबांनी गोळी काकीच्या तळव्यावर ठेवली. कोपऱ्यातला झाकलेला तांब्या हिंदकळू न देता अलगद उचलला, पेला भरला आणि ती शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभे राहिले. पन्नास वर्षांच्या संसारानंतर माणूस असा उभा राहतो, हे बघून हर्षलाला भरून आलं.

“ह्यांच्या हातचं पानी काय वेगलंच लागतं बघ,” काकी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“पुरे गं, पोरीसमोर,” आबा म्हणाले.

तास झाला. चहा नाही, दूध नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. हर्षलाची मती गुंग झाली. निघताना आबा तिला पोचवायला अंगणात आले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जुनी चुन्याची डबी दिसली. तिने ती चटकन ओढून घेतली.

“आबा! तंबाखू परत सुरू? मला शब्द दिला होतात!”

“सोडली ती सोडलीच. वास घे पायजे तं.”

तंबाखूचा वास खरंच नव्हता. आत ओला, ताजा चुना होता.

“मग हा कशाला?”

आबा लाजले. आत काकीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

“तिला सांगू नको हां, पानी प्यायची नाय. मनगट मोडलं तवा त्या खडूच्या गोल्या तिला जात नव्हत्या. मी तुला इचारलं, त्यांच्यात आस्तं तरी काय? तं तू हसून बोललीस, तुमच्या डबीतला चुनाच समजा आबा. तवापासनं रोज तांब्यात गव्हाच्या दान्याएवढा निवलत ठेवतो, न् सकाली वरचं पानी गोलीवर देतो. येक दिस चुकवला नाय, पोरी. डॉक्टरनं गोली वाढवली, का मी पन चुना वाढवतो.”