इथे यमूची फाईल घ्यावी

दिगंबर केळसकरांचा ग्रंथ तिसऱ्यांदा त्याच पानावर अडकला.

“यमुकाकू, यंत्रात खोट नाही,” जोडणी केंद्रातली शकीला म्हणाली. “काकांनी लिहिलंय, ‘इथे यमूची फाईल घ्यावी.’ तुमची उघडली, तर तुम्ही लिहिलंय, ‘इथे यांची फाईल घ्यावी.’ यंत्र बिचारं तुमच्या दोघांच्या दारात हेलपाटे घालतंय!”

“आमचा संसारही तसाच झाला गं,” यमुकाकू हसल्या.

नवरा-बायकोनं एकच आठवण दोनदा लिहायची नाही. एकानं लिहायची, दुसऱ्यानं तिकडे बोट दाखवायचं, अशी पद्धत होती. माणूस गेला की दोघांच्या फायली जोडून त्याचा ग्रंथ तेराव्याला वाचत. त्यात जे नसेल, ते पुढे कोणी सांगत नसे. केळसकरांचा तेरावा उद्यावर आला होता.

“ती ओळ गाळू का? बाकी सगळं नीट जुळतंय. कुणाला कळणारही नाही.”

यमुकाकूंनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“तिथे आमची मुलगी आहे. अकरा दिवस होती. मला वाटलं, यांनी लिहिलं असेल. यांना वाटलं, मी.”

शकीला खुर्चीवरून उठली. यमुकाकू तिथे बसल्या. त्यांनी आपल्या फाईलमधली ती ओळ पुसली आणि एका बोटानं अक्षरं शोधत लिहायला घेतलं:

‘तिच्या उजव्या कानामागे तीळ होता. तो आधी यांना दिसला.’