मुकुटाभोवतीचे आरसे

लग्नात घातलेला मेणाच्या फुलांचा मुकुट झेलीने नॉर्मंडीतल्या रिवाजाप्रमाणे काचेच्या घुमटाखाली जपला होता. त्याभोवती नखाएवढे आरसे होते.

घोडागाडीतून क्लोतिल्द उतरली. झेलीचा नवरा दर गुरुवारी हिच्याकडेच जायचा.

"आन्सेल्म दिसले नाहीत बरेच दिवस?"

"माझ्या नवऱ्याची बरी काळजी तुम्हाला," झेली कॉफी ओतत म्हणाली. "घरातच असतात हल्ली."

घुमटातून टकटक ऐकू आली. क्लोतिल्द वाकली. एका आरशात आन्सेल्म आतून काच ठोकत होता. तिने मागे पाहिलं; खोलीत दोघींशिवाय कोणीच नव्हतं.

"घुमट उचला," ती पुटपुटली.

"फुलांवर धूळ बसेल ना, बाई." झेलीला कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. "शेजारचा आरसा बघा. तुमच्यासाठीच घासून ठेवलाय."