झरीनचा परिचय

धाराशिवच्या सभागृहात झरीन क्लॅरिनेट वाजवत होती, साथीला पियानो. नवी, विदेशी धाटणीची रचना. सूर मधेच तुटायचे, नुसती फुंक ऐकू यायची. खातूनबीला ती रचना कळली नाही, पण नातीचा दमसास तिनं बरोबर ओळखला. खातूनबीच्या नवऱ्यानं उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं होतं आणि लोट्यातल्या पाण्यात नळी फुंकायला लावून याच पोरीला दम टिकवायला शिकवलं होतं. टाळ्या थांबल्यावर निवेदक म्हणाला, "झरीननंच सांगितलंय, घरात कुणालाच संगीताचा गंध नव्हता." झरीननं हसून हात जोडले. खाली येऊन झरीन कुजबुजली, "दादी, वरातीतला बँड सांगितला असता तर लोक हसले असते. चला, पाहुण्यांसोबत फोटो काढू." खांद्यावरचा तिचा हात खातूनबीनं पाल झटकावी तसा झटकला. "तिथं तुझी कोण म्हणून उभी राहू?"