अं

मिहीरला बहीण नव्हती, म्हणून त्याच्या लेकीचं नाव ठेवायचा मान त्याच्या दोन म्हाताऱ्या आत्यांकडे आला. बारशाच्या गडबडीत त्या दोघींची विसरलेले शब्द आठवून देणारी कानातली यंत्रं अदलाबदल झाली.

दोघींचं विसरणं वेगळं होतं. धाकट्या सुलभाआत्याचे शब्द डोक्यात कुठेतरी अडकत. यंत्राने पहिलं अक्षर सांगितलं की झटकन सुटत. थोरल्या वत्सलाआत्याच्या डोक्यात नवा शब्द टिकतच नसे, जुने मात्र पक्के होते. म्हणून तिचं यंत्र पूर्ण शब्द सांगे.

वत्सलाआत्या पाळण्यावर वाकली. कानात नुसतंच आलं, "अं."

"कुर्रर्र! अंबिका!" बाळाच्या कानात ती दणक्यात म्हणाली.

आत्याच्या पाठीत धपाटे घालायला वर गेलेले बायकांचे हात तसेच राहिले. ठरलेलं नाव होतं अंतरा. अंबिका ही या दोघींची आई.

"आत्या, अगं नाव तर..." मिहीर म्हणाला.

सुलभाआत्याच्या कानात "अंतरा" खणखणीत वाजत होतं. तिने यंत्र काढून मुठीत दाबलं.

"बरोबर सांगितलंय तिने. माझ्याही कानात अंबिकाच आलं!"

बाळाच्या आईला हसू आवरेना. ती पुढे आली आणि तिनेच वत्सलाआत्याच्या पाठीत पहिला धपाटा घातला.