बिनपानांची फांदी

“माझं झाड मला न विचारता उचललंत तुम्ही लोकांनी!” बुधी चित्रप्रदर्शनाच्या दारातच कडाडली. पाड्यावर लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चित्र काढतात. पुतणीच्या लग्नात बुधीनं काढलेलं मोहाचं झाड इथे कॅनव्हासवर उभं होतं. एक फांदी बिनपानांची, तीसुद्धा जशीच्या तशी.

त्या लग्नात पोटभर जेवून, भिंतीचे फोटो काढून गेलेला चित्रकार गोरामोरा झाला. “मावशी, त्याला प्रेरणा म्हणतात.”

“आणि खाली काय लिहिलंय? वाच की.”

त्यानं वाचलं, “ही फांदी म्हणजे आधुनिक माणसाचं एकटेपण.”

बुधीला हसू फुटणार होतं, पण ती चित्राजवळ गेली. बाकीची पानं तिनं एकेक निरखली. याच्याकडे रंगांची ददात नव्हती, घाई नव्हती. मग फांदी उघडी का ठेवली यानं?

“दादा, खरं सांग,” तिचा आवाज उतरला. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. “त्या दिवशी वाटीतलं पीठ संपलं, वऱ्हाड दारात आलं, म्हणून माझी फांदी तशीच राहिली. तुझं काय संपलं होतं?”