चष्मा काढायची वेळ

"'जय हिंद' म्हणाला, आई. तेच त्याचे शेवटचे शब्द."

एवढं बोलून निवृत्त विंग कमांडर इंद्रकुमारने चष्मा काढला, डोळ्यांना रुमाल लावला आणि मनात तीनपर्यंत मोजून अंजनाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. दिग्दर्शक खूश झाला. पहिल्याच टेकमध्ये काम झालं होतं.

हेलिकॉप्टर सोडून टीव्हीवर आल्याला त्याला दोन वर्षं झाली होती. दर रविवारी एका शहीद जवानाचं घर, आणि शेवटी हा रुमाल. लोकांना फार आवडायचा. केशोरी गावातलं हे घर मात्र तो आजवर टाळत आला होता. अंजनाबाईंचा राजदीप त्याच्याच हेलिकॉप्टरवर फ्लाइट इंजिनिअर होता. ते पडलं तेव्हा वाचला तो एकटा इंद्रकुमार.

बाहेर पोरं गाडीत दिवे आणि वायरी चढवू लागली. अंजनाबाईंनी त्याला आत बोलावलं, चहा दिला आणि समोर जमिनीवर बसल्या.

"एक विचारू का जी?"

"विचारा ना."

"माहा राजदीप लय भेकड होता. वीज कडकली का पदरात शिरे. तो मरतानी जय हिंद म्हणन, असं मले वाटत नाही. काय बोलला तो? तुमच्याबिगर सांगणारं कोणी नाही जी."

इंद्रकुमारने कप खाली ठेवला. अपघाताच्या चौकशीत तो हे बोलला नव्हता, बायकोजवळही नाही. आता मात्र त्याला राहवेना.

"दोनदा म्हणाला, सर, ढग खाली उतरलेत, मागे फिरू. मी ऐकलं नाही. काही होत नाही म्हणालो. शेवटी तो 'माय' म्हणून ओरडला. एवढंच. चूक माझी होती, आई. तो माझ्यामुळे गेला."

आणि त्याला रडू फुटलं. इतकी वर्षं कोंडलेलं, खरंखुरं. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून त्याने चष्मा काढला, खिशातला रुमाल लावला. हात आपसूक अंजनाबाईंच्या खांद्यावर गेला.

त्यांनी रुमालाकडे पाहिलं, खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं. मग उठल्या. धानाच्या ढोलीमागे वाकून पाहिलं, दार लोटून बाहेर पाहिलं. गाडीचा मागचा दरवाजा लागला होता. त्या परत येऊन बसल्या.

"दर रविवारी पाहतो जी मी तुमाले," त्या म्हणाल्या. "एकही चुकवला नाही. कधीतरी माह्या पोराचं सांगान म्हणून."

त्यांनी चहाचा कप पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

"आता तं कॅमेरा गेला. आता तरी खरं सांगा."